सातवी रेघ

रिची काउंटीच्या कोर्टात, तळघरात,
दस्तांची पुस्तकं इतकी जड
की क्लार्क म्हणाली, मांडीवर घेऊ नका.
मी घेतलं. एकोणीसशे सव्वीस, पान चारशे बारा.

पणजोबा ॲम्ब्रोज टकेटनं शेत विकलं,
कुंपण, विहीर, सफरचंदाची अकरा झाडं, सगळं.
"जमिनीच्या पोटातलं मात्र माझं
आणि माझ्या वारसांचं."
वरचं गेलं, खालचं राहिलं.
खालचं कोणी पाहिलंच नव्हतं.

आता तिथे पंप मान हलवतो
सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसासारखा,
आणि कंपनीच्या वहीत आमचे पैसे
बावीस वर्षं झोपलेत:
पत्ता सापडला नाही.
पत्ता!
आजी ऑर्फा त्याच रस्त्यावर राहायची,
पंपावरून तिची टपालपेटी दिसायची.

भावंडं सहा, हे घरात पाठ होतं.
सहाव्यातला तिसरा, त्याचा निम्मा,
गणित मी पाकिटामागे करून आणलेलं.

मृत्युपत्रात नावं सात.
आयडेला. हॅस्केलच्या नंतर, ऑर्फाच्या आधी,
त्याच शाईत.
जुन्या फोटोत हॅस्केलशेजारी जागा रिकामी आहे;
मला वाटायचं, खुर्ची हलवली असेल.

चेक आलाच तर एका टायरपुरता येईल.
आता तेवढाही नाही.

वारसांच्या फॉर्मवर रेघा सहाच.
सातवी मी हातानं ओढली, वाकडी आली.
पत्ता? क्लार्कनं विचारलं.
मी लिहिलं, सापडला नाही,
मग थांबून पुढे: अजून.