जवळचं बंदर

फॉर्मात एक रकाना होता: जवळचं बंदर.
गोळीबार चौकातल्या नेट कॅफेत मी थांबून राहिले,
मागे तीन पोट्टे खुर्चीची वाट बघत बोटं मोडत होते.
मुंबई लिहिलं.
आठशे किलोमीटर. म्हणे जवळचं.

झिरो माइलच्या खांबापाशी कितीतरी गावांची अंतरं कोरलीत,
समुद्राचं नाही.
मोजणाऱ्याला वाटलंच नसेल
की इथून कुणाला तिकडं जायचं असेल.

बाबांचा माग भंगारात गेला तेव्हा मी सातवीत होते.
मग ते अजनीच्या कंटेनर डेपोत लागले.
सील तपासायचं,
चार अक्षरं, सात आकडे वहीत उतरवायचे.
रात्री हात धुताना म्हणायचे,
हा गंज आपल्याकडचा नव्हे.
आपला पावसाचा, वाळला की झडतो.
हा चिकटतो. याला वास आहे.
मी त्यांच्या सदऱ्याची बाही हुंगायची.
सोळाव्या वर्षापर्यंत माझा समुद्र तेवढाच.

धरमपेठेत एक ऑफिस सापडलं.
काचेच्या पेटीत जहाज, भिंतीवर लाकडी सुकाणू,
एसी असा की आईनं पदर घट्ट घेतला.
साहेब म्हणाले, साडेतीन लाख, नोकरी पक्की, पावती नंतर.
मामा पिशवीत हात घालणारच होता.
बाबांनी विचारलं, जहाजाचं नाव काय?
साहेब म्हणाले, ते मागाहून कळतं.
बाबा उठले.
आमच्याकडे रिकाम्या डब्यालाही नंबर असतो, म्हणाले.

बाहेर येऊन तर्री-पोहे खाल्ले.
मामा दोन दिवस बोलला नाही.

मग सरळ रस्ता, म्हणजे लांबचा.
बारावीचं फिजिक्स, प्रवेश परीक्षा,
पहाटे पाचला अंबाझरीचा स्विमिंग पूल,
नाकात क्लोरीन, पाठीवर शिट्टी मारणारे निनावे सर.
शेजारच्या कुंभारेकाकू गच्चीवरून,
पोट्टीची जात, समुद्रात काय करन वं?
आईनं उत्तर दिलं नाही. कपडे जरा जोरात झटकले.

डोळ्यांच्या तपासणीला मुंबईच्या डॉक्टरनं
ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं.
ठिपक्यांत आकडे लपलेले, पानं भराभर उलटत होता.
मी सांगत गेले. बारा. आठ. एकोणतीस.
मनात म्हणत होते, हा काही हिरवा नव्हे, डॉक्टर,
हा पोपटी, रंगाऱ्यानं घाईत शेवाळी मिसळलाय.
लहानपणी बाबा माझ्यासमोर सुताच्या कांड्या ओतायचे,
हळद वेगळी कर, आंबा वेगळा.
एकदा उन्हात बघ, एकदा बल्बखाली.
रंग रात्री खोटं बोलतात.

आता पुस्तकात वाचते:
जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा.
समोर दोन्ही एकदम दिसले
तर ते तुझ्याच रोखानं येतंय.
बाबांना वाचून दाखवलं.
ते बराच वेळ डावा हात, उजवा हात बघत बसले,
धोटा फेकणारा एक, झेलणारा एक.

कंपनीचं पत्र अजून आलेलं नाही.
कोर्सची फी, बॅंकेतला तो माणूस, जामीनदार,
यातलं काहीच सुटलेलं नाही.
तरी आईनं सावजी मसाला भाजायला घेतलाय.
जहाजावरचं जेवण कोण करते, त्याला तिखट समजते का,
मला विचारते, जसं मी तिथून आताच आले.

काल बाबांनी वही उघडी ठेवली.
एका नंबरपुढे पेन्सिलीचं टिंब.
हा उद्या रात्रीच्या गाडीनं न्हावाशेवाला, म्हणाले,
पुढं कुठं ते जहाजावर ठरेल.
काय आहे त्यात?
काही नाही. रिकामा आहे. पण चाललाय.

आतून आई ओरडली,
तुमच्या बोलण्यात माझे धणे करपले.