आठवा

माझ्या ॲम्प्लिफायरवर 'ट्यूनर' लिहिलेलं एक बटण आहे.
अकरा वर्षं ते दाबलं की
काहीच वाजायचं नाही, अगदी स्वच्छ काहीच.
एल्लिंग म्हणाला, "आता कशाला घेतेस?
देशानं एफएम बंद केलं, त्यालाही जमाना झाला."
बरोबर आहे त्याचं.
पण मी दिवसभर परक्यांच्या दातांचे साचे ओतते,
रिकामी खाच मला बघवत नाही.

म्हणून शनिवारी फेरीबोटीनं हारेइदला, ओद्वार यांच्या घरी.
ट्यूनर खिडकीपाशी: चंदेरी, पाटासारखा सपाट,
हिरवे आकडे, आठ बटणं,
झाकणावर फुलदाणीच्या बुडाचं फिकट वर्तुळ.
"चारशे क्रोनर सांगणार होतो," ते म्हणाले, "साडेतीनशे द्या.
शेवटच्या आकड्याची एक रेघ मेलीय.
आठ असला तरी सहाच दिसतो.
दिसेल ते खरं मानू नका."

मग कॉफी, वाफल, त्यावर तपकिरी चीज,
आणि बटणांची ओळख,
घरातली माणसं दाखवावीत तशी.
तिसरा नंबर कोळ्यांच्या हवामानाचा. आता खरखर.
पाचवा, रविवारची प्रार्थना. खरखर.
सहावा अजून धडधाकट: गावचा रेडिओ, बुधवारी बिंगो.
"आणि आठवा?"
"तो बोर्गहिल्डचा.
तिथं स्टेशन असं कधी नव्हतंच.
मी महिना-महिना आइसलंडच्या बाजूला, बोटीवर,
आणि ही रात्री आठवा लावून मोजे विणत बसायची.
का, ते विचारायचं राहिलं.
आकडा? एकशे तीन पॉइंट सहा.
नाहीतर आठ. सांगितलं ना, रेघ मेलीय."

प्लग काढायला ते स्वतःच वाकले.
"वीज नसली तरी तीन आठवडे लक्षात ठेवतो,
असं पुस्तिकेत लिहिलंय.
पण पुस्तिका शहाऐंशी सालची.
आता त्याचंही वय झालं.
वाटेत रेंगाळू नका."
हिरवे आकडे गेले.
दोन वाजून दहा मिनिटं.

आणि नेमका वारा उठला.
फेऱ्या रद्द.
धक्क्यावर गाड्यांची रांग, माझ्यापुढे माशांचा ट्रक,
मागच्या सीटवर ट्यूनर
माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून, पट्टा बांधून बसवलेला.
मी एक सॉसेज खाल्लं.
दोनदा वळून पाहिलं,
जणू आपण बघत राहिलो
की कुणी काही विसरत नाही.

घरी सव्वाअकरा.
कोट अंगावरच; वायरी, अँटेना, प्लग.
एक. दोन. तीन.
सगळे आपापल्या जागी,
झोपेतून हाक मारून उठवलेल्या मुलांसारखे.
आठवा दाबला.
१०३.६
खरखर.

दहा मिनिटांत फोन. म्हातारा जागाच होता.
"आले का आकडे?"
"आले."
"आठवा," ते म्हणाले,
आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत.

मी फोन स्पीकरजवळ धरला.
हात भरून आला, तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.
पाण्यापलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज.
बऱ्याच वेळानं, "हं. तोच."
मग एकदम घाईघाईनं,
"बिंगोचं पत्रक दुकानात मिळतं हं, गल्ल्याशेजारी,"
आणि फोन ठेवला.

खालच्या टोकापासून एकेक टिचकी मोजत वर गेलं
तर सहा की आठ, कळेल.
पाच मिनिटांचं काम.
केलं नाही.

बुधवारी पत्रक आणलं, पेन्सिलीला टोक केलं.
सहाव्यावरची बाई संथपणे आकडे पुकारत होती,
प्रत्येक दोनदा.
शेवटी सत्तेचाळीस हवा होता मला,
तिनं चौऱ्याहत्तर काढला.
लांब कुठल्यातरी स्वयंपाकघरात कुणीतरी जिंकलं.

मग आठवा लावला
आणि राहिलेली भांडी घासली.