सातवा खिळा

समुद्र मागे सरला की साडेतीन तास हातात.
तेवढ्यात वाळू दाबायची, दोर ताणायचे,
मंडपात गालिचे अंथरायचे,
आणि मडगावच्या बँडचा तिसरा वॉल्ट्झ संपायच्या आत
केळशीच्या किनाऱ्यावर नऊ घोडे धावून मोकळे.

फुर्तादोंची शर्यत. मेचा पहिला रविवार.
मुंबईहून टोप्या यायच्या,
लिस्बनला जायचे राहून गेलेले मामा यायचे,
बर्फ वास्कोहून. शँपेन कुठून, ते विचारायचं नाही.
मी दस्तगीर नालबंद, बेळगावचा,
आदल्या संध्याकाळच्या बसने,
हत्यारं गोणपाटात.
माझं ताट स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर.

कोराल त्या वर्षी पहिली आली.
शेपूट उचलून, जणू पाणीच तिच्या मागे लागलंय.
टाळ्या. बँड. चांदीचा चषक.
चषक घ्यायला मालकच येईना.

बर्नार्दीन फुर्तादो झावळ्यांच्या तबेल्यात सापडले,
कोरालच्या पायांशी, पांढऱ्या सुटात,
कपाळावर नालाची कोर.
कुणी म्हणालं लाथ. मग सगळेच म्हणाले लाथ.
बायकांनी मोत्यांच्या माळा मुठीत धरल्या.
मामा म्हणाले, बंदूक आणा, जनावर पिसाळलंय.

घोडी त्यांच्या बुटांचा आवाज ओळखायची.
ते आले की कान मागे.
दोना एर्मेलिंदाचे कान कधी दिसले नाहीत,
टोपी मोठी असायची.
आणि मे महिन्यात कोपरापर्यंत हातमोजे.

मी वाकलो. मला माणसाच्या तोंडाकडे बघता येत नाही,
मी ठसा बघितला.
बाहेरच्या अंगाला चार, आतल्या अंगाला तीन.
सात.
आज पहाटे मी कोरालला शर्यतीचे नाल ठोकले होते,
अॅल्युमिनियमचे, बिस्किटासारखे हलके.
त्यांना खिळे सहा.

सात खिळ्यांचा लोखंडी नाल त्या आवारात एकच होता.
लग्नाच्या वर्षी मीच दिलेला, मागच्या दारावर,
तारेला अडकवलेला, तोंड वर,
बरकत सांडू नये म्हणून.
सकाळी पायरीवर भाकरी खाताना पाहिला होता, गंजलेला.
आता तिथून आलो तर
तोंड खाली.
आणि सोलांनी घासलेल्या तांब्यासारखा लख्ख, अजून ओला.
आत पिएदाद कालवण ढवळत होती.
पन्नास पाहुण्यांचं जेवण, आणि तिने मान वर केली नाही.

इन्स्पेक्टर लोटलीकरांना मी म्हटलं, साहेब, मोजा.
त्यांनी टोपी काढून मोजलं. पुन्हा मोजलं.
मग घोडीचा पाय माझ्या मांडीवर घेऊन दाखवला.
बंदूक परत पेटीत गेली.
ते म्हणाले, मग कुणाचा?
मी म्हटलं, मला घोड्यांचे पाय कळतात.
हातांचं मी काही शिकलो नाही.

निघताना दोना एर्मेलिंदाने मजुरी स्वतः दिली,
उघड्या हाताने.
तळव्यावर तांबूस कोर.
गंज म्हणावा, तर त्या घराचा पैसाच खाणीचा,
चादरी तांबड्या, विहीर तांबडी,
माझ्याही नखांत तेच.
नोटा मी न मोजता खिशात घातल्या.
भरतीचं पाणी तोवर मंडपाच्या खुंट्यांना लागलं होतं,
खुर्च्या वाचवायला नोकर धावत होते,
नऊ घोड्यांच्या टापांपैकी वाळूवर एकही नव्हती.

पुढे शर्यत भरली नाही. कोराल पुण्याला विकली गेली.
कागदावर काय लागलं, मला ठाऊक नाही.

आता मी टांग्याच्या घोड्यालाही सहाच खिळे ठोकतो.
नाल टिकतो. घोडे चालतात.
कुणी विचारलंच तर सांगतो,
खिळे महागलेत.