घंटेपासून पुढे

फ्रीसलंडमधला हा पूल सकाळी अर्धाच उघडतो
आणि तिथंच थांबतो, नाकासमोर बोटी ताटकळत ठेवून.
तिसरी तक्रार आली तेव्हा मला पाठवलं.
हॉत्सेनं कॉफी ओतली, बोलला नाही.
कागदावर आधीच काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं:
चालकाचा हात. वय त्रेसष्ट.
बटण दाबून धरायचं असतं, हा मध्येच सोडतो.

दोन पेट्यांतून नोंदी काढल्या.
एक वर, त्याच्या खोलीतली: बटण, तांबडा दिवा, घंटा, फाटक.
एक खाली, पाण्यालगत: कुलपाचा खिळा, ब्रेक, मोटर,
आणि पुन्हा घंटा.
कुणा जुन्या वायरमननं तीच तार
दोन्हीकडे जोडून ठेवली होती, का ते देव जाणे.

सगळं फक्त शून्य आणि एक.
पहिल्यांदा काढलं तर आठही रेषा
एकमेकींच्या अंगावर पडल्या;
कोण वर, कोण खाली, काही कळेना.
मग एकेकीला उचललं.
बटण तळाशी, दीड घर सोडून दिवा,
आणखी दीड सोडून घंटा.
फळीवरच्या डब्यांसारख्या.
वरच्या डब्यात काही जास्त असतं असं नाही.

आणि संगणक दोन ठिपके तिरके जोडत होता,
जणू फाटक विचार करत करत खाली आलं.
त्याला बजावलं: उतार नको, पायरी काढ.
ब्रेक लागलेला असतो किंवा नसतो.

एवढं करूनही हॉत्सेच चुकत होता.
बटण सुटतं, आणि सेकंदाभरात मोटर पडते.
हातच्या कांकणाला आरसा कशाला.
मी कॉफी संपवली. त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग घंटा दिसली.
दोन घंटा, खरं तर.
एकाच तारेवरची एकच घंटा
खालच्या पेटीत तीन सेकंद उशिरा वाजत होती.

खालचं घड्याळ पुढे धावत होतं, कधीपासून कोण जाणे.
चारही रेषा धरून डावीकडे सरकवल्या,
हळूहळू, घंटेवर घंटा बसेपर्यंत.
बसली. आठाच्या सात झाल्या.

आता बघ, म्हटलं, आणि पडदा त्याच्याकडे वळवला.
खिळ्याची रेषा वर, सरळ, शहाण्यासारखी,
आणि मध्येच एक खाच.
अकरा मिलिसेकंद.
सेन्सर उंबरठ्यापर्यंत येतो, एक पाय बाहेर टाकतो,
परत आत.
तेवढ्यात ब्रेक लागतो, मोटर पडते.
आणि बटण?
बटण त्यानंतरही दोन सेकंद वर.
रोज. तिन्ही तक्रारींच्या दिवशीही.

दोन सेकंद हा माणूस
थांबलेल्या पुलाचं बटण दाबून धरतो.

हॉत्सेनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
‘अंगठा दुखतो,’ एवढंच म्हणाला.

एक गोष्ट राहिली होती.
पावणेआठच्या सुमाराला दिवा तांबडा होतो
आणि घंटा वाजत नाही, फाटक हलत नाही.
एकतीस सेकंद. काल चाळीस.
त्या वेळात सातही रेषा सपाट,
एक वर, बाकीच्या जमिनीवर.
नियमात पाच आहेत.

विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाला,
‘सित्स्के येते सायकलवरून. गुडघा गेलाय.
फाटकापाशी उतरावं लागलं
तर पुन्हा चढता येत नाही तिला.’

सित्स्केला कुठलीच तार जोडलेली नाही.

अहवालात लिहिलं: सेन्सर बदला, घड्याळं जुळवा.
सोबत आलेख जोडला, काळाचा अक्ष खाली,
शून्य घंटेपाशी.
डाव्या कडेला दिव्याची रेषा आधीपासूनच वर आहे.
कधीपासून,
हे अजून कुणी विचारलेलं नाही.