इतिवृत्त

जादा विषयांतला शेवटचा, क्रमांक एकशे चौदा,
जेवणानंतर पुकारला, निम्मं सभागृह पेंगत असताना:
पाणीपुरवठा विभागाची संयुक्त कंपनी.
एक्कावन्न टक्के आपले, एकोणपन्नास त्यांचे.
मी लिहून घेतलं.
एकोणतीस वर्षं मी लिहूनच घेते.

दातीर उठले. म्हणाले, गळती चाळीस टक्के,
सिंहस्थ तोंडावर, पैसा काय घाटावर उगवतो?
बाकं वाजली.
कोशिरेबाई म्हणाल्या, गळती पायपात नाही, टेबलाखाली आहे.
बाकं वाजली, पलीकडची.
लाकूड एकच, सुतारही एकच.
तरी डोळे मिटून सांगू शकते मी
कुठली बाजू वाजवते आहे.

मग कोणीतरी ओरडलं, गंगा विकायला काढली!
(भांडताना इथे कोणी गोदावरी म्हणत नाही.)
मग कोणीतरी म्हणालं, दलाल.
पीठासनावरून आदेश: शब्द वगळण्यात यावा.
वगळला.
वगळलेल्या शब्दांची माझ्याकडे एक वेगळी वही आहे.
शहराचा खरा इतिहास तिच्यात आहे
असं काही मी म्हणणार नाही.
शिव्याच जास्त आहेत.

सल्लागार आले. भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला.
जलकुंभ इतके, मोटारी इतक्या,
व्हॉल्व्ह चार हजार एकशे आठ नग,
घसारा वजा जाता.
गंजाचीसुद्धा किंमत धरली होती.

तेव्हा वरून, प्रेक्षक कक्षातून, आवाज आला.
सुकदेव पेखळे, सेवानिवृत्त व्हॉल्व्हमन, पूर्व विभाग,
गुडघ्याला पट्टा, मांडीवर कापडी पिशवी:
साहेब, तिवंध्याची चावी उलटी फिरते,
ती कुठल्या रकान्यात धरली?

हशा.

साडेतेरा आटे, म्हणाला.
चौदावा दिला की गढीवर पाणी चढत नाही,
खाली दूधबाजारात मात्र रस्ता फुटतो.
नकाशात नाही हे. नकाशा पुरात भिजला,
वाळवायला टाकला तो गच्चीवरून उडाला.
एका पोराला शिकवत होतो.
कंत्राटी होतं. गेलं.

कोशिरेबाई उभ्या राहिल्या, बघा, बघा म्हणाल्या,
हाच तो कामगार!
पेखळे त्यांच्याकडे वळला:
ताई, तुम्ही सभापती होता तेव्हा
तुम्ही तरी कुठं विचारलं होतं?

त्यानंतरचं मला नीट टिपता आलं नाही.
राजदंड उचलला गेला, एका टोकाला दातीर,
दुसऱ्या टोकाला कोणाचा हात ते दिसेना.
शिपायाने पेखळेला दंडाला धरून खाली आणलं, हलकेच,
त्याचं घर गढीवर आहे.

इतिवृत्तात एवढंच येईल:
प्रेक्षक कक्षात गोंधळ. विषय तहकूब.
प्रेक्षकाचं बोलणं नोंदवायचं नसतं, नियम आहे,
आणि नियम मला पाठ आहेत, त्याला आटे पाठ आहेत तसे.

साडेसहाला तो बाहेर पायरीवर बसलेला दिसला,
पट्टा सोडून गुडघा चोळत.
मी शेजारी बसले. वही उघडली, ती दुसरी.
म्हटलं, तिवंधा झाला. पुढची?
त्याने डोळे मिटले आणि उजव्या हाताने
हवेतच काहीतरी फिरवायला लागला,
मोजत, ओठ हलवत,
मधेच थांबून, नाही, इथं ढिली आहे म्हणत.
सहा चाव्या झाल्या. दिवे लागले.

सातव्याला हात थांबला.
ही सांगू का नको, म्हणाला.
हिच्यावर एका नगरसेवकाचा बंगला आहे,
रात्री दोनला अर्धा आटा जास्तीचा.

कुठल्या पक्षाचा, मी विचारलं.

तेव्हाचा सांगू, की आत्ताचा?

मी दोन्ही लिहून घेतले.