फुटामागं एक सूत

माझ्याकडं स्टीलची एक पट्टी आहे.
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून सागवानी पॅटर्न आधीच तेवढा वाढवून घ्यायचा,
हे मला उद्यमनगरात ज्ञानू सुतारानं शिकवलं, कानाखाली एक ठेवून,
कारण पहिल्या दिवशी मी साध्या पट्टीनं मापलं होतं.
"मोठं झालं तर घासता येतंय," म्हणाला,
"बारकं झालं की जळणात."

बावीस वर्षं त्या पट्टीनं मोजली.
मग मालकाच्या पोरानं मशीन आणलं.
ते रात्रभर एकटंच कोरतं, तंबाखू मळायला थांबत नाही.
"चहाला येत जावा की कधीपण," पोरगा म्हणाला.
चहाला कोण जातंय.

भाचीनं मोबाइलवर बायोडाटा करून दिला.
"मामा, थोडं वाढवून लिहावं लागतं."
किती? फुटाला किती सूत?
तिला कळलं नाही. मला हसू आलं, मग गेलं.

गोकुळ शिरगावात सहा गेटांवर सहा रजिस्टरं.
'कोणास भेटायचे' या रकान्यात
मी सहाही ठिकाणी लिहिलं, नोकरीस.
वॉचमन वाचत नाहीत, फक्त वेळ टाकतात.

शिरोलीत मृणाल मॅडम होत्या, माझ्या भाचीएवढ्या.
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?
मनात आलं, अठ्ठेचाळीसमध्ये.
तोंडानं म्हणालो, इथंच.
त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं
आणि म्हणाल्या, कळवतो.

वैजयंता अजून साडेआठला डबा देते.
मी कोटीतीर्थाच्या कठड्यावर बसून अकरालाच तो संपवतो,
पाण्यात धुणी आपटणाऱ्या बायका माझ्याकडं बघत नाहीत, हे त्यांचे उपकार.
तिला ठाऊक आहे.
चटणी तीच, भाकरी तेवढ्याच,
फक्त "लवकर या" म्हणायचं तिनं सोडलंय.

त्यात दाढ उठली.
डॉक्टर म्हणाले, कॅप बसवू,
पैसे वाचवायचे तर लॅबमधून तुम्हीच घेऊन या.
लक्ष्मीपुरीत, पत्र्याच्या जिन्यावरून वर, एक खोली,
दिव्याखाली इलाही मुजावर
आणि त्याच्या पुढ्यात अनोळखी लोकांचे जबडे, नावं चिकटवलेले.
माझी दाढ त्यानं चिमटीत धरून दाखवली.
"एवढी मोठी कशी?" मी विचारलं.
"भट्टीत आकसती ती. पाचवा हिस्सा जास्त धरायला लागतोय."

मी न सांगता स्टुलावर बसलो.

"काय करत हुता तुम्ही?"
"हेच," म्हणालो. "जरा मोठं."

त्यानं वय विचारलं नाही, हात बघितले.
प्लास्टरचा एक दात दिला, मेणाचा तुकडा, एक बारीक सुरी.
माझ्या अंगठ्याखाली तो दात दिसेना.
शेवटचा माझा पॅटर्न चौघांनी उचलून टेम्पोत घातला होता.
मेण तुटलं. परत तुटलं.
तिसऱ्यांदा दाढेसारखं काहीतरी झालं,
म्हणजे, दाढ नसलेल्या माणसाला वाटलं असतं.

"सहा महिने काही देणार न्हाई," मुजावर म्हणाला,
"पुढं नऊ हजार. सोमवारी आलासा तर या.
चष्मा आणा."

नऊ हजार. मुलीची फी, गॅस, भिशी.
जिना उतरताना मी पायऱ्या मोजल्या, सतरा,
कशाला ते माहीत नाही.
खाली येईपर्यंत शिरोलीचा फोन:
शेवटचा पगार किती होता तुमचा?
आकडा सांगितला, खरा.
बरं, कळवतो.

कॅप बसलीय. जराशी उंच वाटते.
डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत सवय होईल,
नाही झाली तर या, घासून देतो.
वैजयंता विचारते, दुखतंय काय?
दुखत नाही.
आज शुक्रवार. मी जिभेनं सारखं मोजतोय.