पंचेचाळीस-बासष्ट-आठ

तेल जातंय.
कुठून, ते लाँच सांगत नाही.
सकाळी गिअरबॉक्सची पट्टी ओढावी
तर रेघेच्या बोटभर खाली,
आणि फळीखाली, बोटीच्या पोटात,
साचल्या पाण्यावर लाल तवंग,
लुगड्याचा रंग गेल्यासारखा.

श्रावणापासून हेच.
आधी कूलरच्या पाइपावर आळ घेतला.
पाइप बदलला, क्लिपा बदलल्या.
पाइप निर्दोष होता.
मग ड्रेनच्या बोल्टला तांब्याचं नवं वायसर,
मग झाकणाचं पॅकिंग, पुठ्ठ्यातून कात्रीने कापून.
मग सील. पंचेचाळीस-बासष्ट-आठ.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा ठोकताना माझीच मला लाज वाटली,
कारण काढलेलंही धडधाकट होतं,
ओठ मऊ, स्प्रिंग जागेवर.

साहेब खडकवासल्याहून फोनवर म्हणाले,
"आठवड्याला लिटरभर ओत ना, कडू.
तेल मंजूर आहे, गिअरबॉक्स मंजूर नाही."
ओतत राहिलो.
पानशेतचं पाणी पुण्याच्या नळाला जातं,
हे ओतताना आठवायचं नाही, असं ठरवलं होतं.

वाघोले सिस्टर दर मंगळवारी पलीकडे जातात,
धनगरवाड्याला, लसीची पेटी मांडीवर घेऊन.
त्यांना मी काही बोललो नव्हतो.
त्याच म्हणाल्या, "वास येतोय. फळी काढा बघू."
मग विचारलं, "कधी पडतं?"
किती पडतं, सगळ्यांनी विचारलेलं.
कधी, हे कुणी नाही.
"ताप किती ते नंतर. चढतो कधी ते आधी."

रॉकेलने सगळं पुसून घेतलं.
त्यांच्या पिशवीतली बाळाची पावडर
सांध्यासांध्यावर फुंकरीने उडवली.
मी सुकाणूवर, त्या फळीवर उपड्या, हातात टॉर्च,
आणि लसीकरणाच्या रजिस्टरचं मागचं पान:
धक्क्याला, इंजिन बंद. नाही.
न्यूट्रल, दहा मिनिटं. नाही.
पुढचा गिअर, हळू. नाही.
नऊ चाळीस, वळणापुढे, पूर्ण रेस,
"आलं! मागून, फिरतंय तिथून!
थांबवा. हं... थांबलं. लबाड आहे हो."

म्हणजे सीलच.
पण सील तर नवं.

गुरुवारी कपलिंग काढून गोणपाटात बांधलं,
एसटीने स्वारगेट. नऊ किलो.
मांडीला रग लागली, कंडक्टरने लगेज लावलं.
बोहरी आळीत मुर्तझाशेठनी
सीलच्या डब्याकडे हातच नेला नाही.
"चौथं नेणार? हे दाखव आधी."
चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले,
कपलिंगच्या मानेवरून नख फिरवलं सावकाश,
चकचकीत पोलादावरून,
आणि नख अडकलं.

केसाएवढी चरी.
तीच जागा मी वीसदा पुसली होती.
चमकत होती, म्हणून सोडली होती.
"रबराने कापलंय," शेठ म्हणाले.
"रबराने? पोलाद?"
"अठरा वर्षं एकाच जागी ओठ टेकवून बसल्यावर..."
पुढचं राहिलं.
एकाला पाऊण इंची बोल्ट हवे होते, डझनभर, घाईत.

नवं कपलिंग अकरा हजार, दीड महिना.
नाहीतर ही चकती.
"सीलमागे टाक. दोन मिलिमीटर बाहेर बसेल.
मान तीच, सील तेच.
ओठाला कोरी जागा मिळू दे."
चकतीचे बारा रुपये घेतले,
चहाचे घेतले नाहीत.

रविवारी बसवलं. पुन्हा पुसलं, पुन्हा पावडर.
पट्टी रेघेवर होती, तरी विश्वास नव्हता.
मंगळवारी सिस्टर फळी काढून उपड्या झाल्या,
वळण गेलं, भरधाव गेलं,
त्या काही बोलेनात.
मी मागे वळून बघितलं नाही,
पुढे जाळ्यांची थर्माकोलं तरंगत होती.

पलीकडे उतरल्यावर पान दाखवलं:
नऊ पस्तीस. वळण. पूर्ण रेस. कोरडं.
संध्याकाळी परतताना त्याच्याखाली आणखी एक ओळ होती,
त्याच पेनची:
ढेबे, मुलगी, वजन दोन किलो सातशे.